वरच्याचं वजन

त्याला सगळी साईट 'वरचा' म्हणते आणि मला 'खालचा'. त्यात मानाचं-अपमानाचं काही नाही. तो क्रेनच्या केबिनमध्ये, बेचाळीस मीटर उंचावर बसतो आणि मी खाली चिखलात वॉकीटॉकी घेऊन उभा राहतो, एवढंच. नवीन आलेल्या माणसानं "आज सळ्या कधी चढणार?" असं विचारलं की कुणीतरी गंभीर चेहरा करून सांगतं, "आता सगळं वरच्याच्या हातात." तो बिचारा आभाळाकडे बघून मान हलवतो. कित्येक वर्षं हा विनोद चालू आहे आणि मला अजूनही हसू येतं. माणूस काही फार सुधारत नाही.

आमचं काम आधी समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. ट्रकमधून माल येतो, सळ्या, पाइप, विटा, काचा. तो बांधून झाला की मी गठ्ठ्यावरची चिठ्ठी वाचतो, चिठ्ठी फाटलेली असली तर नग मोजून वजन काढतो आणि वॉकीटॉकीवर वर सांगतो. दोन टन, साडेतीन टन, जे असेल ते. त्यावरून तो ठरवतो की माल क्रेनच्या आडव्या हातावर किती लांब न्यायचा. खांबाजवळ पाच टन सहज उचलणारी क्रेन हाताच्या टोकाला दीड टनालाही कुरकुरते. मागच्या बाजूला तोल सांभाळायला सिमेंटचे ठोकळे टांगलेले असतात, पण त्यांनाही मर्यादा आहे. केबिनमध्ये वजन दाखवणारा काटा आहे म्हणा, पण तो माल हवेत गेल्यावर बोलतो. हवेत गेल्यावर कळून काय करायचं, कपाळ? तेव्हा वरचा जे काही उचलतो ते माझ्या शब्दावर उचलतो.

वरचा जाडा आहे. 'अंगानं भरलेला' वगैरे मी म्हणणार नाही. मला गुळगुळीत बोलता येत नाही आणि त्यालाही ते आवडत नाही. पण त्याचे हात बघावेत. काचांचा दोन टनांचा गठ्ठा तो सातव्या मजल्यावर असा टेकवतो की खालच्या फळीला कळत नाही. मी 'हळू' म्हणायच्या आत त्यानं हळू केलेलं असतं. इतक्या वर्षांत आमची भेट रोज दोनदा, सकाळी शिडीखाली आणि संध्याकाळी शिडीखाली. बाकी दिवसभर नुसता आवाज. त्याच्या आवाजावरून मला कळतं की आज गुडघा दुखतोय, आज घरी कुरबूर झालीय, आज मुलीचा फोन आला होता.

एकदा आम्ही बसनं घरी चाललो होतो. मला पुढच्या बाकावर जागा मिळाली, त्याला मागच्या. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती, तरी चार माणसं दांडी धरून उभी राहिली, कुणी बसेना. उतरल्यावर तो म्हणाला, "खाली मी जाड्या असतो रे. वर गेलो की मी कुणाला दिसत नाही, माझं कामच दिसतं." मी "गप रे" म्हणून विषय उडवला.

मग नवे साहेब आले. शिडी चढताना अंगावर जो सुरक्षेचा पट्टा बांधतात, त्याच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात 'शंभर किलोपर्यंत' असं छापलेलं आहे. आम्ही कुणी ते जन्मात वाचलं नव्हतं. साहेबांनी वाचलं. कंपनीचा नियमही तोच निघाला, नुसता इतकी वर्षं कपाटात पडून होता. तीन महिन्यांनी दवाखान्यात सगळ्यांची तपासणी होणार आणि तेव्हापासून शंभरच्या वरचा माणूस शिडी चढणार नाही. मोठा पट्टा मागवा म्हणून मी तोंड वाजवलं. साहेब म्हणाले, "पट्टा मागवीन, पण तो ज्या दोराला अडकतो तोही शंभरचाच आहे. उद्या काही झालं तर यांच्या घरी जाऊन मी काय सांगू?" माणूस वाईट नव्हता, त्यामुळे भांडताही येईना.

वरच्याचं वजन तेव्हा एकशे चार होतं. तो तसाच वर गेला. त्या दिवशी विटांचा पहिला गठ्ठा त्यानं असा आदळला की चार विटा फुटल्या. मी वॉकीटॉकीवर विचारलं, "काय रे?" तो म्हणाला, "खाली बसवून मला काय देतील? गोदामात खिळे मोजायला?" चार किलोंसाठी त्याची सगळी इज्जत पणाला लागली होती.

आता माझा पराक्रम ऐका. आईसाठी मलम आणायला मी औषधाच्या दुकानात गेलो होतो. तिथे काउंटरवर एक छोटी डबी दिसली. वरचं बटण दाबलं की खालून टक्‌कन एक इवलीशी गोळी पडते. एक गोळी म्हणजे एक चमचा साखरेची गोडी आणि पोटात जाणार जवळजवळ शून्य. मी दोन डब्या घेतल्या. वरचा दिवसाला आठ कप चहा पितो, प्रत्येकात दोन चमचे साखर. "लेका, सोळा चमचे साखर रोज अंगावरून उतरणार," मी त्याला सांगितलं. "गोडही तेवढंच लागणार. तुला काही सोडायलाच नको." त्यानं डबी उलटसुलट करून पाहिली, एक गोळी जिभेवर ठेवली आणि म्हणाला, "शेवटी जरा कडवट आहे. पण चालेल."

दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो खाली उतरला. एरवी दुपारी तो उतरत नाही. सिमेंटच्या रिकाम्या पिशवीवर त्यानं पेन्सिलीनं क्रेन काढली आणि मला धडा दिला. "हे बघ, पुढच्या बाजूला माल, मागच्या बाजूला ठोकळे. बरोबर? आता सोळा चमचे साखर मी एका बाजूनं काढून टाकली. म्हणजे तोल रिकामा झाला. आता दुसऱ्या बाजूला तेवढ्याच्या आतलं काही ठेवलं तर क्रेन पडणार नाही." मी म्हणालो, "म्हणजे काय?" तो म्हणाला, "म्हणजे एखादा बिस्किटाचा पुडा चालतो."

मला ते इतकं पटलं की काय सांगू. वजनाचं गणित म्हटलं की आम्हा दोघांना क्रेनच दिसते. काढलेलं वजन काढलेलंच ठेवायचं, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला सुचतच नाही. आम्ही रिकामी बाजू बघितली की भरतो.

दर शनिवारी कामानंतर गोदामामागे वजन बघायचं ठरलं. मी घरून काचेचा पातळ वजनकाटा आणून ठेवला होता, त्यावर उभं राहायचं आणि आकडा पायाजवळ दिसतो. मला दिसतो. वरच्याला दिसत नाही, मध्ये पोट येतं. वाकून बघायला गेला की तोल जातो आणि आकडा नाचतो. म्हणून तो सरळ भिंतीकडे बघत उभा राहायचा आणि मी उकिडवा बसून वाचायचो. घरी वजन करायला तो तयार नव्हता. "तुझ्या वहिनीला कळलं की ती रोज विचारणार, आणि मग माझ्या घशाखाली काही जायचं नाही," असं त्याचं म्हणणं. तेव्हा आकड्याला साक्षीदार मी एकटा.

पहिल्या दोन आठवड्यांत एकशे चारचं एकशे दोन पॉइंट आठ झालं. आम्ही लहान पोरांसारखे हसलो. गोळीला मी मनातल्या मनात सलाम ठोकला.

तिसऱ्या आठवड्यापासून मला वॉकीटॉकीवर चावण्याचा आवाज यायला लागला. मी "अडीच टन" म्हणायचो आणि वरून "कुरुम, उचलतो" असं यायचं. कधी शेंगदाणे, कधी टोस्ट. दुपारी हुकाला पिशवी अडकवून वर पाठवायचं काम माझंच. आधी पिशवीत एक पुडा असायचा, मग दोन झाले, मग पाव आला, मग बिनसाखरेच्या कोल्ड्रिंकची मोठी बाटली आली. बाटलीवर ठळक अक्षरात शून्य लिहिलेलं होतं आणि वरचा ते शून्य मला वाचून दाखवायचा. "पाण्यासारखंच की रे हे." दिवसभर तो ते घोट घोट पीत बसायचा. तोंड कायम गोड.

"तुला एवढी भूक कशी लागते रे?" मी एकदा वैतागून विचारलं. "आधी तर दुपारपर्यंत तुझ्या तोंडात काही नसायचं."

तो म्हणाला, "खरं सांगू? चहा प्यायलो की जीभ खूश होते, पण पोटाला वाटतं कुणीतरी दार वाजवून पळून गेलं. मग ते आत बसून वाट बघत राहतं. मला काहीतरी द्यावंच लागतं त्याला."

मी म्हणालो, "दे बाबा. सोळा चमचे आहेत तुझ्या नावावर." हे मीच म्हणालो. आज आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. सोळा चमचे साखर तर त्याच्या पहिल्या पुड्यातच वसूल होत होती, वरचा पाव, टोस्ट आणि शेंगदाणे कुठल्या खात्यात टाकायचे होते?

पाचव्या शनिवारी काट्यावर एकशे तीन पॉइंट पाच आलं.

तो भिंतीकडे बघत उभा होता. "किती?" त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात असं काही होतं की मला वर बघवेना. आठवडाभर तो सांगत होता की शिडी आता सोपी जातेय, दम कमी लागतोय. मी म्हणालो, "एकशे दोन पॉइंट एक."

"बघ," तो म्हणाला आणि काट्यावरून उतरताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी मनाची समजूत घातली की माणूस खचला की जास्त खातो, हिंमत आली की कमी खाईल, पुढच्या आठवड्यात आकडा खरोखर खाली येईल आणि माझं खोटं त्यात आपोआप जिरून जाईल. असली समजूत घालायला माणूस किती हुशार असतो. आठव्या शनिवारी काटा म्हणाला एकशे चार पॉइंट दोन, मी म्हणालो एकशे एक. दहाव्या शनिवारी काटा एकशे पाचला टेकला आणि माझ्या तोंडातून नव्याण्णव पॉइंट आठ निघून गेलं. एकदा थाप मारली की पुढच्या थापेला आधीचीच शोभून दिसेल अशी मारावी लागते, मागे फिरायची सोय राहत नाही. आणि वरचा माझ्या प्रत्येक आकड्यावर खूश होऊन गोळीचे गुण गायचा आणि पिशवीत आणखी एक पुडा मागायचा. गोळी काम करतेय, मग काळजी कसली? त्याच्या पोटाचं दार गोळीनं वाजवलं असेल, पण ते उघडून भुकेला आत बसवलं माझ्या आकड्यांनी.

वहिनींना मात्र कुणाच्या आकड्याची गरज नव्हती. त्या घरी शिवणकाम करतात. एका रविवारी मी शर्टाची बटणं लावून घ्यायला गेलो तर त्यांनी मला चहा दिला आणि शिलाई मशीनवरची विजार उचलून दाखवली.

"भाऊजी, यांची कंबर मी दोन महिन्यांत दोनदा उसवली. आता आत सोडायला कापड उरलं नाही. आणि हे म्हणतात, चार किलो उतरलं."

"कापड आटलं असेल, वहिनी."

"मी वीस वर्षं कापड कापतेय," त्या शांतपणे म्हणाल्या. "आटलेलं कापड मला कळतं. तुम्ही आकडा नीट बघता ना?"

"अगदी डोळ्यांत तेल घालून."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना कळलं होतं असं आता मला वाटतं. पण नवऱ्याच्या मित्राला तोंडावर खोटारडा म्हणण्याची त्यांची रीत नव्हती. आतल्या खोलीत वरचा गाणं गुणगुणत दाढी करत होता. मी बटणं तशीच सोडून उठलो.

शेवटच्या आठवड्यात मी खूप प्रयत्न केला. म्हणजे सांगायचा नाही, तेवढं धैर्य असतं तर काय हवं होतं. मी पिशवीच पाठवणं बंद केलं. त्याच्यावर डाफरलो, "आजपासून पाव-बिव काही मिळणार नाही, उपाशी बस." तो वरून हसला. "अरे, नव्याण्णवला आलोय, आता कसली धास्ती? तूच तर वाचलंस." मी वॉकीटॉकी खिशात कोंबला आणि दोन मजुरांवर विनाकारण खेकसलो.

तपासणीच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. दवाखान्यातला काटा उभा होता आणि त्याचा आकडा भिंतीवर डोळ्यांसमोर लागायचा, हे मला ठाऊक नव्हतं. डॉक्टर मॅडम टेबलाशी काही लिहीत होत्या. मी दारात उभा होतो. वरचा चढला आणि भिंतीवर लाल आकडे उमटले. एकशे पाच पॉइंट तीन.

त्यानं तो आकडा पाहिला. मग तो उतरला, पुन्हा चढला. पुन्हा तेच. मग त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर मी वाचलो असतो. एखादा गठ्ठा वर गेल्यावर त्याचं वजन सांगितल्यापेक्षा जास्त निघावं, तसं तो बघत होता.

"मॅडम," तो म्हणाला, "मी तीन महिने साखर खाल्ली नाही. गोळ्या घेतोय. यानं वजन वाढतं का?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या तरुण होत्या, पण घाईत नव्हत्या. "गोळीनं वजन वाढवलं असं मी म्हणणार नाही. तिच्यात तसं काही नसतं. साखरेऐवजी ती घेतली आणि बाकी जेवण आहे तसंच ठेवलं, तर थोडं उतरतंही. तुम्ही बाकी काय खात होता?"

त्यानं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. गणित काढलेला सिमेंटच्या पिशवीचा तुकडा त्याच्या खिशात अजून होता, तोही दाखवला, क्रेनचं चित्र आणि ठोकळे. मॅडमना हसू आलं नाही, याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे.

"हे फार जण करतात," त्या म्हणाल्या. "फक्त चित्र कुणी काढत नाही. साखर वाचवली म्हणून दुसरं खायची परवानगी मिळाल्यासारखं वाटतं, आणि ते दुसरं नेहमी जास्तच होतं. शिवाय काहींना सारखी गोड चव घेतली की भूक चाळवते, काहींना नाही. यावर संशोधन करणाऱ्यांचंही अजून एकमत नाही. पण नुसत्या गोळीच्या भरवशावर वर्षानुवर्षं वजन खाली राहिलंय, असं फारसं दिसत नाही. तुमची भूक तुम्हीच ओळखायची. आणि दर आठवड्याला वजन करत होता ना? तेव्हा कळलं नाही का?"

मी सांगणार होतो. तोंड उघडलं होतं मी. पण तो आधी बोलला. "मला आकडा दिसत नव्हता, मॅडम." एवढंच.

बाहेर आल्यावर मी त्याचा दंड धरला. "शिव्या घाल. काय वाटेल ते बोल."

"किती आठवडे?" त्यानं विचारलं.

"आठ."

"पहिल्या थापेच्या वेळी खरं सांगितलं असतंस तर आठ आठवडे हातात होते माझ्या," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "मी तेव्हा पुडा बंद केला असता रे." मग तो पट्टा जमा करायला साहेबांकडे गेला.

साहेबांनी त्याला गोदामात बसवलं. खरंच खिळे मोजायला. केबिनमध्ये बदलीचा माणूस आला, तरणा, कामाला बरा, पण माल टेकवताना दर वेळी धप्प आवाज व्हायचा आणि गोदामाच्या दारात बसलेला वरचा त्या आवाजाला डोळे मिटायचा. आता त्याला वरचा म्हणायचं तरी कसं? पण दुसरं नाव कुणाच्या तोंडात बसेना. माझ्याशी तो बोलायचा. 'चहा घे', 'पावती दे', 'पाऊस येईल असं दिसतंय'. तुटक नाही, प्रेमळही नाही. अकरा वर्षं मी ज्याचा आवाज वाचत होतो, त्या आवाजातून मला काहीच कळेनासं झालं.

पुढचं मला वहिनींकडून समजलं. मीच एक दिवस जाऊन त्यांच्यापुढे सगळं कबूल केलं. त्यांनी मशीन थांबवलं नाही. "मला ठाऊक होतं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "ह्यांना राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं."

गोळ्यांची डबी त्यानं फेकली नाही म्हणे, कपाटात ठेवली. फेकायला तिनं काही गुन्हा केला नव्हता. त्यानं गोडच कमी करायला घेतलं. पहिल्या आठवड्यात दोन चमच्यांचा दीड, मग एक, मग अर्धा, मग बिनसाखरेचा चहा. पहिले पंधरा दिवस चहा पिताना तो असं तोंड करायचा की वहिनींना हसू आवरत नसे. महिन्याभरानं एका लग्नाच्या घरी त्याला गोड चहा मिळाला तर त्यानं अर्धाच ठेवला, सोसवेना. बाटली बंद झाली. गोदामात त्याला दुपारी डबा चार माणसांत बसून खावा लागायचा, आणि चार माणसांत तो एकदाच जेवायचा. घरी वहिनी भूक लागली की आधी विचारायच्या, "पोटाला लागलीय की जिभेला?" कधी तो म्हणायचा पोटाला, मग त्या वाढायच्या. कधी तो म्हणायचा जिभेला, मग दोघं चालायला जायची. काढलेलं ते काढलेलंच ठेवायचं, त्या बदल्यात काही भरायचं नाही, एवढं एकच सूत्र त्यानं धरलं. कष्ट फार पडले. मध्ये दोनदा वजन परत वर गेलं, एकदा तर तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

वजन मात्र तो दवाखान्यात जाऊन करायचा. दर शनिवारी, एकटा, भिंतीवरच्या आकड्याकडे बघत. गोदामामागचा माझा काचेचा काटा मी घरी घेऊन आलो. आई त्यावर कुंडी ठेवते.

सात महिने लागले. मॅडमनी कागदावर अठ्ठ्याण्णव पॉइंट चार लिहून सही केली तेव्हा साहेब स्वतः पट्टा घेऊन शिडीपाशी आले. सगळी साईट काम सोडून जमली. कुणीतरी म्हणालं, "वरचा वर चालला," आणि माणसं हसली. तोही हसला. वहिनींनी नवी विजार शिवली होती, तिची कंबर कमी केलेली होती आणि ती त्यानं मला दाखवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी ते पुसलंही नाही. जाताना त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, झालं, सुटलो.

पहिला गठ्ठा सळ्यांचा होता. मी चिठ्ठी वाचली, दोर तपासले, माणसं बाजूला केली. वॉकीटॉकी तोंडाशी धरला.

"साडेतीन टन," मी म्हणालो.

हुक हलला नाही. वॉकीटॉकी नुसता खरखरत राहिला. मला वाटलं आवाज पोचला नाही. मी पुन्हा बटण दाबणार इतक्यात वरून त्याचा आवाज आला, शांत, नेहमीचा.

"नक्की?"

अकरा वर्षांत आणि हजारो गठ्ठ्यांत त्यानं मला हे कधी विचारलं नव्हतं. शेजारी उभ्या असलेल्या मजुरांना त्यात काही वावगं वाटलं नाही; कामात कुणीही कुणाला विचारावं असा तो प्रश्न. मी मान वर केली. एवढ्या उंचीवर चेहरा दिसत नाही, काच चमकते फक्त.

"थांब," मी म्हणालो. "परत बघतो."

मी गठ्ठ्यापाशी गेलो, चिठ्ठी हातात धरली आणि एक एक आकडा मोठ्यानं वाचला. तीन, चार, आठ, शून्य. मग सळ्या मोजल्या. बरोबर होत्या.

"तीन हजार चारशे ऐंशी," मी सांगितलं. "सळ्याही मोजल्या."

"ठीक आहे. उचलतो."

गठ्ठा जमिनीवरून सुटला आणि सातव्या मजल्यावर आवाज न करता टेकला. दुसरा गठ्ठा पाइपांचा होता. मी वजन सांगितलं, त्यानं "नक्की?" विचारलं आणि मी परत जाऊन बघून आलो. या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. तो माझ्याशी चांगला बोलतो, सणासुदीला घरी बोलावतो, वहिनींच्या हातचं खायला घालतो. फक्त प्रत्येक गठ्ठ्याला विचारतो, आणि प्रत्येक गठ्ठ्याला मी परत जाऊन बघतो.